घड्याळ आपलं, आकडे कुणाचे?

हे बोलणं आधी रेडिओवर झालं. नंतर दोन-तीन गटांनी सांगितलं की बैठकीत वाचून दाखवायला ते कागदावर हवं, म्हणून इथे छापत आहोत. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे.

विषय आहे मनगटावरच्या नव्या घड्याळांचा. कुणाला ती आहेरात मिळतात, कुणाला पुण्या-मुंबईचा मुलगा पाठवतो, आणि आता तर तालुक्याच्या बाजारात हजार-दीड हजारालाही मिळतात. ही घड्याळं पावलं मोजतात, नाडीचे ठोके दाखवतात, रात्री झोप किती झाली ते सांगतात, फोन आला की हातावर थरथरतात. पण घड्याळ डब्यातून काढलं की लगेच चालत नाही. कंपनीचं ॲप फोनमध्ये घ्यावं लागतं. त्यात नाव, वय, वजन, मोबाइल नंबर भरायचा. मग ते ॲप एकेक परवानगी मागत जातं आणि आपण ‘होय, होय’ दाबत जातो. गटांच्या बैठकीत आम्हाला दोन प्रश्न हमखास येतात. हे सगळं जातं कुठं? आणि ते ॲप घेतलं नाही तर घड्याळ चालणारच नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते पुष्कळजणींना ठाऊक नसतं. कंपनीच्या ॲपशिवाय चालवता येतात अशी बरीच घड्याळं आहेत. त्यासाठी ‘गॅजेटब्रिज’ नावाचं एक फुकट ॲप आहे. ते अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात खातं उघडावं लागत नाही, नंबर द्यावा लागत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की या ॲपने फोनकडे इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही. आकडे बाहेर पाठवायचं म्हटलं तरी त्याला दारच ठेवलेलं नाही. ते कुठल्या एका कंपनीचं नाही. २०१५ पासून निरनिराळ्या देशांतली माणसं स्वखुशीने ते मिळून लिहीत आली आहेत.

परक्या कंपनीचं घड्याळ, आणि तिच्या मदतीशिवाय त्याच्याशी बोलणारं ॲप, हे जमतं कसं? तेच आज सांगायचं आहे. त्यासाठी घड्याळ आणि फोन एकमेकांशी कसे बोलतात, इथून सुरुवात करावी लागेल.

दोघांमध्ये तार नसते, ब्लूटूथ असतो. ब्लूटूथ म्हणजे जवळच्या जवळ चालणारा छोटा रेडिओ. आपल्या केंद्राचा आवाज गावोगाव जातो, याचा जेमतेम घरातल्या घरात. (नाव मात्र मोठं, दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजावरून ठेवलेलं.) घड्याळाची बॅटरी असते इवलीशी, म्हणून घड्याळं त्यातला कमी वीज खाणारा प्रकार वापरतात. हा प्रकार २०१० मध्ये आला. यात घड्याळ सतत बोलत बसत नाही. थोड्या थोड्या वेळाने ‘मी इथं आहे, माझं नाव अमुक’ एवढी हाळी देतं आणि पुन्हा गप्प होतं. फोनने ती हाळी ऐकली की जोडणी होते.

जोडणी झाल्यावर घड्याळ फोनपुढे आपलं फडताळ उघडतं असं समजा. फडताळात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यावर क्रमांक असतो. काही क्रमांक जगभर ठरलेले आहेत. ठोक्यांच्या कप्प्याचा क्रमांक १८०डी, बॅटरीच्या कप्प्याचा १८०एफ. कुठल्याही कंपनीचं घड्याळ असो, हे कप्पे त्याने ठेवले असतील तर कुठलंही ॲप ते उघडून आकडा वाचू शकतं. इथवर काम सोपं आहे. पण झोप, पावलं, गजर, हातावर येणारे निरोप यांसाठी कंपन्या स्वतःचे कप्पे करतात आणि आत काय कसं लिहिलंय ते कुणाला सांगत नाहीत. कप्पा दिसतो, पण आतली भाषा कळत नाही.

मग ती भाषा शिकायची कशी? हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला.

अँड्रॉइड फोनमध्ये एक आडबाजूची सोय आहे. ती चालू केली की फोन ब्लूटूथवर जे काही बोलला आणि ऐकला, त्याची जशीच्या तशी नोंद एका फाइलमध्ये होते. ॲप लिहिणारी व्यक्ती स्वतःचंच घड्याळ घेते, कंपनीचं ॲप लावते, ही नोंद सुरू करते आणि एकच काम करते. समजा, सकाळी साडेसहाचा गजर लावला. मग फाइल उघडून बघायची. आकड्यांची लांबलचक रांग दिसते, काही कळत नाही. आता गजर सहा वाजून एकतीस मिनिटांचा करायचा आणि पुन्हा बघायचं. दोन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवल्या की एखाद-दुसराच आकडा बदललेला दिसतो. मिनिटं तिथेच लिहिली जातात, हे कळलं. मग तास बदलून बघायचा. मग सोमवारऐवजी मंगळवार.

या रांगा सोळाच्या हिशेबात लिहिलेल्या असतात, आणि तो हिशेब आपल्या आज्यांना चांगला ठाऊक होता. सोळा आण्यांचा रुपया. तीस आणे म्हणजे एक रुपया चौदा आणे, एकतीस आणे म्हणजे एक रुपया पंधरा आणे. संगणकवाले दहाला ए, अकराला बी असं म्हणत पंधराला एफ म्हणतात, म्हणून तीस लिहायचे ‘१ई’ आणि एकतीस लिहायचे ‘१एफ’. वेगळं काही नाही. जुन्या बाजाराचा हिशेब पाठ असलेली म्हातारी इथे नव्या पोरांच्या आधी उत्तर काढेल.

गजर सापडला, आता हातावर येणारा निरोप. फोनवर ‘कखग’ असा निरोप पाठवायचा आणि रांगेत तो कुठे दिसतो ते शोधायचं. मग लांब निरोप पाठवायचा. तो एका घासात जात नाही, तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला अनुक्रमांक असतो. शेवटी एखादा आकडा असा निघतो की काही केल्या त्याचा अर्थ लागत नाही. पुष्कळदा तो ताळ्याचा आकडा असतो. आपण वहीत पानाखाली बेरीज मारतो, तसं वरचे सगळे आकडे विशिष्ट पद्धतीने मिळवून शेवटी ठेवलेला. तो चुकला तर घड्याळ निरोप टाकून देतं. एवढं उमगायला कुणाला एक रविवार पुरतो, कुणाला चार महिने लागतात.

भाषा कळली की ती ॲपमध्ये लिहायची. गॅजेटब्रिजमध्ये प्रत्येक जातीच्या घड्याळासाठी मुख्यतः दोन तुकडे लिहावे लागतात. पहिला तुकडा घड्याळाला नावावरून ओळखतो आणि त्याला काय काय येतं ते सांगतो: ठोके मोजतं का, गजर किती लावता येतात, अशी यादी. दुसरा तुकडा प्रत्यक्ष बोलतो. बाकीचं सगळं, म्हणजे आलेख, झोपेचा तक्ता, फोनवरचा निरोप पकडणं, हे आधीच लिहून ठेवलेलं आहे आणि ते सगळ्या घड्याळांना सामाईक आहे. त्यामुळे नवीन माणसाला पूर्ण ॲप लिहावं लागत नाही. शिवाय दुकानात वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी घड्याळं पुष्कळदा आतून एकाच घराण्यातली असतात. एकाची बोली कळली की भावंडांची कळते, जशी एका गावची अहिराणी येणाऱ्याला शेजारच्या गावची अडत नाही.

हे काम करणाऱ्यांना एकमेकांचं लिहिलेलं वाचता येतं, कारण ॲपचा कोड उघडा ठेवलेला आहे. कोड म्हणजे ॲप ज्या सूचनांवर चालतं त्या. तो कोडबर्ग या जर्मनीतल्या बिननफ्याच्या संस्थेच्या जागेवर कुणालाही वाचता येतो. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आरोग्य सेतू आठवा. २०२० मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला ते आलं, तेही ब्लूटूथ वापरायचं, आणि लोकांनी ‘आत काय आहे ते दाखवा’ म्हणून विचारणा केल्यावर २६ मे रोजी सरकारने त्याचा अँड्रॉइडचा कोड खुला केला. गटाच्या भाषेत सांगायचं तर वही बैठकीत मध्ये ठेवणं आणि सचिवाच्या पिशवीत ठेवणं, एवढा तो फरक. उघडी वही प्रत्येक जण वाचत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण कुणीही वाचू शकतं, म्हणून लिहिणारा हात जपून लिहितो.

गॅजेटब्रिजच्या परवान्यात एक अटही आहे. हे ॲप घ्या, बदला, दुसऱ्याला द्या, पण बदललेलं देताना त्याचा कोडही उघडा द्या. इर्जिकेला येणाऱ्याने आपली औतं घेऊन यायचं आणि पुढे दुसऱ्याच्या शेतावरही जायचं, तशीच ही रीत. तिचा उपयोग कसा होतो बघा. इंग्लंडमधली मंडळी ‘बँगल.जेएस’ नावाचं घड्याळ काढतात. त्याच्या लोकांना इंटरनेटची सोय हवी होती, ती मूळ ॲपमध्ये नको होती. मग त्यांनी आपली वेगळी प्रत काढली, तिचा कोडही उघडा ठेवला. भांडण नाही, फाटाफूट नाही.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीचं ॲप चांगलं चाललंय, मग एवढा खटाटोप कशाला? त्यावर पेबल घड्याळाची गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेत पेबल घड्याळासाठी ६८ हजारांवर लोकांनी आगाऊ पैसे भरले, एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. त्या काळात तो विक्रम होता. चारच वर्षांत, डिसेंबर २०१६ मध्ये, कंपनी बंद झाली. तिचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि ३० जून २०१८ ला पेबलची इंटरनेटवरची सेवाही थांबवली. लोकांच्या हातावरची घड्याळं धडधाकट होती. बॅटरी चालू, काटे चालू, पण मागचं घर बंद. गॅजेटब्रिज सुरू झालं ते याच पेबलसाठी, कंपनी जिवंत असतानाच. त्यामुळे ज्यांच्याकडे ते होतं त्यांची घड्याळं फोनशी बोलत राहिली. बाकी चाहत्यांनीही मिळून आपली सेवा उभी केली. घरातलं जातं कंपनी बुडाली म्हणून दळायचं थांबत नाही. घड्याळानेही का थांबावं?

आणि पहिला प्रश्न राहिलाच की, हे सगळं जातं कुठं? एकेका कंपनीचं उत्तर वेगळं, आणि ते तिच्या अटींच्या लांबलचक कागदात असतं. पण काय होऊ शकतं याचा एक नोंदलेला दाखला आहे, तोही बायकांच्याच बाबतीतला. ‘फ्लो’ नावाचं पाळीची तारीख ठेवणारं ॲप जगभर कोट्यवधी बायका वापरत होत्या. माहिती खासगी राहील असं वचन देऊन ती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण सेवांना दिली गेली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला आणि २०२१ मध्ये त्या कंपनीशी तडजोड झाली. पाळी कधी आली, दिवस गेले का, हे आपण सासूलाही लगेच सांगत नाही. बर्लिनमधल्या एका गटाने म्हणूनच ‘ड्रिप’ नावाचं उघड्या कोडचं ॲप केलं, त्यात पाळीच्या नोंदी फोनमध्येच राहतात.

परवानग्यांमधली एक परवानगी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हातावर निरोप दिसावा म्हणून घड्याळाचं ॲप फोनवर येणारे सगळे निरोप वाचायची परवानगी मागतं. सगळे म्हणजे सगळे. बँकेचा ओटीपीही त्यातच येतो. हप्ता भरताना, पैसे काढताना ज्या सहा आकड्यांबद्दल आपण ‘कुणाला सांगू नका’ असं प्रत्येक बैठकीत सांगतो, ते आकडे त्या ॲपसमोरून जातात. गॅजेटब्रिजलाही ही परवानगी लागते, पण त्याला बाहेरचं दार नाही हे आपण वर पाहिलं. ज्या ॲपला निरोप वाचायचीही मुभा आहे आणि इंटरनेटही आहे, ते कुणाचं आहे हे दहादा विचारून घ्या. पावलं आणि ठोके एवढंच हवं असेल तर निरोपांची परवानगी नाकारा. बहुतेक घड्याळं तरीही चालतात.

इतकं सांगून हे ॲप म्हणजे सगळ्या दुखण्यांवर औषध असं आम्ही म्हणणार नाही. इंटरनेट नाही म्हणजे हवामान ते स्वतः आणत नाही, दुसऱ्या एखाद्या ॲपने आणून द्यावं लागतं. फोन हरवला आणि नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवलेली नसेल तर नोंदी गेल्या. आणि हल्लीची पुष्कळ घड्याळं बोलणं सुरू करण्याआधी एक किल्ली मागतात. लोखंडाची नव्हे, आकड्या-अक्षरांची. ही किल्ली पहिल्या जोडणीच्या वेळी कंपनीच्या ॲपमधूनच तयार होते. शाओमीच्या मी बँड ४ पासून ही अडचण ठळक झाली. म्हणजे एकदा तरी कंपनीच्या दारातून जावंच लागतं, खातं उघडून किल्ली घ्यावी लागते, मग ती गॅजेटब्रिजला द्यायची. आमच्या मते हे बरोबर नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली मालकिणीच्या हातात डब्यातूनच यायला हवी. काही घड्याळं तशी आहेतही. पाइनटाइम आणि बँगल.जेएस यांचे बनवणारेच आपली भाषा उघड सांगतात, तिथे कुणाला काही शोधत बसावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांची आहे, जी लांबच्या देशात ॲप लिहिणाऱ्याच्या डोक्यात सहसा येत नाही. ‘माहिती तुमच्या फोनमध्येच राहते’ हे वाक्य ज्या घरात प्रत्येकीचा फोन तिचा आहे तिथे ठीक. आपल्यापैकी कितीजणींचा फोन फक्त आपल्या हातात असतो? दिवसा मुलाच्या अभ्यासाला, रात्री नवऱ्याकडे. घड्याळ सुनेच्या हातात आणि ॲप दुसऱ्याच्या फोनमध्ये असेल तर ती किती वाजता झोपली, दुपारी किती चालली, हे सगळं तो दुसरा बघणार. कंपनीपासून वाचलेली माहिती घरातच उघडी पडली. यावर कोड काय करणार? तेव्हा ॲप ज्या फोनमध्ये घालाल तो कुणाचा, त्याला कुलूप आहे का, आणि नोंदींची बाहेर काढलेली प्रत कुठे ठेवली, हे आधी घरात ठरवा. ज्यांना ते ठरवणं शक्य नाही, त्यांनी घड्याळ नुसतं वेळ बघायला वापरलं तरी काही बिघडत नाही.

आकड्यांवर किती विसंबायचं तेही बोललं पाहिजे. ठोके मोजायला घड्याळ मनगटावर हिरवा उजेड टाकतं. रक्त हिरवा उजेड पिऊन घेतं. ठोक्यासरशी रक्त वाढलं की परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून हिशेब. पट्टा सैल असला, हात हलत असला की हिशेब चुकतो. रक्तदाब आणि साखर यांच्या बाबतीत तर जास्तच जपून. सुई न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. गॅजेटब्रिज घड्याळ जे सांगेल तेच दाखवतं, ते त्याला शहाणं करत नाही. गोळी कमी-जास्त करायची असेल तर आरोग्य केंद्रातच तपासून घ्या.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी क्रम लक्षात ठेवा. घड्याळ घेण्याआधीच गॅजेटब्रिजच्या यादीत त्याचं नाव आहे का ते बघा, आणि किल्ली लागते का तेही तिथेच लिहिलेलं असतं. ॲप ‘एफ-ड्रॉइड’ या उघड्या कोडच्या ॲपच्या दुकानातून घ्या. किल्ली लागत असेल तर ती मिळाल्यावर कंपनीचं ॲप काढून टाका, पण त्या ॲपमध्ये घड्याळाची जोडणी तोडू नका. तोडली की किल्ली बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. गटात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला सोबत घ्या, तासाभराचं काम आहे. तिला इंग्रजी बरं येत असेल तर हेही सांगा की या ॲपमधल्या शब्दांचं भाषांतर कुणालाही करता येतं, त्याला कोड लिहायला यावा लागत नाही.

आणि एक काम सगळ्यांसाठी. घड्याळ पावलं मोजतं ते हाताच्या हालचालीवरून. मग डोक्यावर हंडा, एका हाताने धरलेला, अशी चाल त्याला कळते का? भाकरी थापताना ते उगीच पावलं धरतं का? ज्या गटात घड्याळ आहे त्यातल्या दोघींनी मोजून शंभर पावलं चालायचं, आधी मोकळ्या हाताने, मग हंडा घेऊन, आणि मग पाच भाकऱ्या थापायच्या. तिन्ही वेळचे आकडे घड्याळाच्या नावासह वहीत लिहून केंद्रावर पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.